पाटी एकाची, गल्ला दुसऱ्याचा

जीएसटीचा भरपाई उपकर मावळतो न मावळतो, तोच पान मसाल्यावर नवा उपकर हजर झाला. नावात ‘आरोग्य’ही आहे आणि ‘राष्ट्रीय सुरक्षा’ही, म्हणजे विरोध करायची कोणाची छाती होऊ नये. पान मसाल्याचा कळवळा आम्हालाही नाही. (महाराष्ट्रात 2012 पासून त्यावर बंदी आहे म्हणतात. टपऱ्यांना अजून कळवायचे राहिले असावे.) आमचा आक्षेप या पाटीला आहे. उपकर म्हणजे ठरावीक कामासाठी, ते काम सांगून घेतलेला पैसा. तो त्या कामाच्या खात्यात पोहोचला की नाही, एवढाच प्रश्न आहे आणि केंद्राच्या वहीत त्याचे उत्तर वर्षानुवर्षे ‘पूर्ण पोहोचला नाही’ असे आहे.

घटनेच्या 266 व्या कलमानुसार केंद्राचा प्रत्येक कर आधी भारताच्या एकत्रित निधीत जमा होतो. तिथून संसदेच्या मंजुरीने उपकराची रक्कम लोकलेख्यातील त्या-त्या राखीव निधीत वळवायची असते. वसुलीची पहिली पायरी कधी चुकत नाही. चुकते ती ही दुसरी. ‘कॅग’ने 2018-19 चा हिशेब तपासला तेव्हा 35 उपकर आणि शुल्कांतून 2,74,592 कोटी रुपये आले होते आणि ठरल्या निधींत गेले होते 1,64,322 कोटी. कच्च्या तेलावरच्या उपकराचे दहा वर्षांतले 1,24,399 कोटी ज्या तेल उद्योग विकास मंडळासाठी घेतले, त्याच्याकडे गेलेच नाहीत. भरपाई उपकर तर राज्यांच्या हक्काचा. त्यातलेही पहिल्या दोन वर्षांत 47,272 कोटी भरपाई निधीत कमी भरले गेले. हेच केंद्र 2020 मध्ये कोरोनाला ‘देवाची करणी’ म्हणत, भरपाईच्या तुटीसाठी राज्यांपुढे कर्जाचा पर्याय ठेवून मोकळे झाले. शिवाय न वळवलेला पैसा महसुलात मोजला गेला की तूट आपोआप कमी दिसते, तो फायदा वेगळाच.

अर्थ मंत्रालय म्हणते, ही पळवापळवी नाही, ताळमेळ लागेपर्यंत रक्कम तात्पुरती ठेवलेली असते. पण दहा-दहा वर्षे न लागणाऱ्या ताळमेळाला तात्पुरता कोण म्हणेल? दुसरे उत्तर जास्त चलाख आहे: पैशाला रंग नसतो, शिक्षणावर आम्ही उपकरापेक्षा अधिकच खर्च करतो. करत असाल तर तेवढी रक्कम निधीत वळवायला तुमचे काय जाते? आणि पैशाला रंग नसेल, तर पाटीला तरी कशासाठी? सरळ कर लावा. पण सरळ कर लावला की त्यातला 41 टक्के वाटा राज्यांना द्यावा लागतो. उपकर आणि अधिभार मात्र 270 व्या कलमाने त्या वाटणीबाहेर ठेवले आहेत. खरी मेख इथे आहे. म्हणून नव्या उपकराची वसुली किती आणि आरोग्यासाठी प्रत्यक्ष वळवले किती, हे दोन आकडे दरवर्षी अर्थसंकल्पात शेजारी शेजारी छापलेच पाहिजेत. ते जमत नसेल तर उपकर करात विलीन करून राज्यांचा वाटा द्यावा.

राज्यांनी मात्र याबाबत फार सोवळ्याचा आव आणू नये. रोजगार हमीच्या नावाने 1975 मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय कर बसवला. 2006 नंतर मजुरीचा मोठा भार केंद्राच्या योजनेने उचलला, तरी पगारातून दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपयांची कपात चालूच आहे. ऑक्टोबर 2015 मध्ये पेट्रोलवर लिटरमागे दोन रुपयांचा अधिभार लागला, तो दुष्काळासाठी. तो दुष्काळ पुढच्या पावसाळ्यात हटला. पण पेट्रोलवर व्हॅटच्या टक्केवारीच्या वर लावलेला ठोक कर, आकडे बदलत, आजही पंपावर भरावा लागतो आहे.