शाळेचे अॅप कोणाच्या नावावर?

दोन वर्षांपूर्वी आमच्या अकरावीच्या मुलांनी शाळेचे मोबाइल अॅप तयार केले, ते आपण सर्वांनी वापरलेच आहे. फ्लटरफ्लो या अॅप बिल्डरवर बटणे व चौकटी ओढून पडदे रचायचे. कोड तो स्वतःच लिहितो. कौतुक खूप झाले. पुढे ज्याच्या ईमेलवर खाते होते तो विद्यार्थी बारावी होऊन पुण्याला गेला. इकडे बसची वेळ बदलली, अॅपमध्ये मात्र जुनीच राहिली, आणि पालक मुलांना घेऊन चौकात ताटकळले. दोष त्या मुलाचा नाही, आमचा आहे.

आमचे स्पष्ट मत आहे की नवे अॅप पहिल्याच दिवशी शाळेच्या नावे असलेल्या गिटहब रिपॉझिटरीला जोडावे. रिपॉझिटरी म्हणजे जणू आपले स्कॉलर रजिस्टरच. खाडाखोड नाही, कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद राहते आणि जुनी नोंदही वाचता येते.

जोडणी झाली की बिल्डर आपला कोड 'फ्लटरफ्लो' याच नावाच्या ब्रँचमध्ये पाठवतो. (हिंदी माध्यमातून पदवी घेतलेल्या आम्हाला ब्रँच म्हटले की अजून बँकच आठवते!) त्या ब्रँचमध्ये हाताने काही लिहू नये, पुढच्या खेपेस ते पुसले जाते. आपली भर वेगळ्या ब्रँचमध्ये घालून मग दोन्ही एकत्र करावे. मात्र रिपॉझिटरीतला बदल उलट बिल्डरमध्ये जात नाही. म्हणून बिल्डरचे खातेही शाळेचेच हवे, आणि दोन्हीकडे किमान दोन शिक्षक जबाबदार हवेत.

ही जोडणी सशुल्क योजनेतच मिळते. मुलांच्या हौसेवर खर्च कशाला, असे काही विश्वस्तांनी विचारले. फी-रजिस्टर आपण कोणा विद्यार्थ्याच्या घरी ठेवू का?

पालकांची काळजीही रास्त आहे. रिपॉझिटरी खाजगीच राहील. मोबाइल क्रमांक, पासवर्ड कोडमध्ये मुळीच लिहायचे नाहीत. एकदा गेलेली गोष्ट नंतर काढली तरी जुन्या नोंदींत दिसतच राहते. गिटहबवर खाते उघडण्यास किमान 13 वर्षे वय लागते, त्यामुळे हे काम नववीपासूनच्या मुलांकडे देऊ.

विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत आम्ही हा खर्च मांडत आहोत. तोवर बसच्या वेळा फाटकावरच्या फळ्यावर पाहाव्यात.