हत्ती, आंधळे आणि हाताचं दर्शन



पर्युषणात अनेकांतवाद समजावून सांगायचा म्हटलं की व्याख्यानात हत्ती येतोच. एका आंधळ्याच्या हाताला पाय लागतो, तो म्हणतो खांब. दुसऱ्याच्या हाताला कान लागतो, तो म्हणतो सूप. तिसरा शेपटी धरून दोरी म्हणतो आणि मग सगळे भांडत बसतात. शेवटी एक डोळस माणूस येऊन निवाडा करतो. ही गोष्ट बौद्ध ग्रंथांतही आहे, पण आपल्याकडे ती पाठशाळेतल्या पोरांनाही तोंडपाठ असते.

सिद्धांत सोळा आणे खरा. दृष्टान्ताबद्दल मात्र माझी तक्रार आहे. त्या लोकांनी हात एकाच जागी का ठेवला? ज्याला दिसत नाही तो माणूस असं करत नाही. नवी वस्तू हातात आली की तो ती उलटीपालटी करतो, कड शोधतो, वजन घेतो. वस्तू मोठी असली तर स्वतः तिच्याभोवती फिरतो. गोष्टीतल्या मंडळींना हत्ती कळला नाही, कारण त्यांनी हात लवकर थांबवला. डोळे असलेली माणसंही असंच लवकर थांबतात, आणि खरं तर व्याख्यानाचा मुद्दाही तोच असतो. मग आंधळ्यांना का वेठीला धरायचं?

हाताने पूर्ण रूप कळतं, याची साक्ष अंध शिल्पकार देतात. आपल्याच महाराष्ट्रातले भावेश भाटिया घ्या. मूळचे गोंदियाचे. ऐन तारुण्यात त्यांची दृष्टी गेली. मुंबईत अंधांच्या राष्ट्रीय संस्थेत, म्हणजे नॅबमध्ये, ते मेणबत्त्या करायला शिकले आणि महाबळेश्वरला गाडीवर विकू लागले. त्यातून 'सनराइज कॅंडल्स' उभी राहिली आणि पुष्कळ अंध कारागिरांना काम मिळालं. पुढे त्यांनी माणसांचे मेणाचे पुतळेही घडवले. (मेण म्हटलं की आपल्या घरात आधी मधमाशी आठवते. बाजारातल्या बहुतेक मेणबत्त्या पॅराफिनच्या असतात आणि ते खनिज तेलापासून निघतं.)

शांतिनिकेतनचे बिनोदबिहारी मुखर्जी जन्मापासून अधू दृष्टीचे. १९५०च्या दशकात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया फसली आणि उरलीसुरली नजरही गेली. तरी त्यांनी काम सोडलं नाही. शिल्पं केली, कागद कापून चित्रं केली आणि १९७२ मध्ये कलाभवनात फरशांचं मोठं भित्तिचित्र उभं केलं. सत्यजित राय यांनी त्याच वर्षी त्यांच्यावर 'द इनर आय' हा माहितीपट काढला.

मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते व्हिएन्नाच्या अंधशाळेतल्या मुलांच्या कामाने. तिथे व्हिक्टर लोवेनफेल्ड नावाचे शिक्षक मुलांना माती देत. १९३४ मध्ये लुडविग म्युन्झ यांच्यासोबत त्यांनी अंधांच्या शिल्पांवर पुस्तकच लिहिलं. जन्मांध मूल चेहरा करताना आधी डोळ्यांच्या खोबण्या करी, त्यांत मातीचे गोळे बसवी आणि मग वर पापण्या ओढी. तोंडाची पोकळी आधी, मग दात, जीभ, आणि शेवटी ओठ. डोळस मूल वरवर रेघा ओढून डोळा काढतं. हे मूल डोळा आतून बाहेर घडवतं, कारण स्वतःच्या चेहऱ्यावर बोट ठेवून त्याला तो तसाच कळलेला असतो. मागायला पसरलेला हात मोठा, ताणलेली मान लांब. माप भावनेचं. अशी मूर्ती पाहून कुणी "प्रमाण चुकलंय" म्हटलं, तर गोष्टीत हत्तीला खांब म्हणणारा तोच समजावा.

आपल्या शास्त्रातली इंद्रियांची मोजणी आठवा: स्पर्शन, रसन, घ्राण, चक्षु, श्रोत्र. स्पर्श पहिला, डोळा चौथा. एकेंद्रिय जीवाकडेही स्पर्श असतोच. आपल्या स्वयंपाकघरातही मोठा कारभार त्याच्याच हाती आहे. कणीक झाली की नाही हे अंगठाच सांगतो. नवांगी पूजा करणाऱ्यांना तर सांगायलाच नको. अंगठ्यापासून गुडघा, मनगट, खांदा, मस्तक, कपाळ, कंठ, हृदय, नाभी असं अनामिकेने रोज जाणाऱ्या बाईला भगवंताची मूर्ती डोळे मिटूनही ठाऊक असते.

आणि तरी अंध माणूस देरासरात आला की आपण त्याला रंगमंडपात बसवतो आणि स्तवन म्हणायला सांगतो. स्तवन छानच, पण त्याचं दर्शन कुठे झालं? स्नान, पूजेचे कपडे, मुखकोश हे नियम त्यालाही पाळता येतात आणि जिथे सगळ्यांना पूजा करता येते, तिथे त्याचा हात धरून गाभाऱ्यात न्यायला काय हरकत? जिथे परंपरेने ते चालत नाही, तिथे एक साधा उपाय आहे. अंजनशलाका न झालेली, मूलनायकासारखीच घडवलेली दगडी प्रतिकृती बाहेर ठेवावी. प्रतिष्ठा नाही, म्हणून आशातनेचा प्रश्न नाही.

आपल्या बीड जिल्ह्याला ही कल्पना परकी वाटू नये. परळी वैजनाथला लिंगाला हात लावून दर्शन घेतात आणि त्यासाठी लांबून माणसं येतात. अंबाजोगाईच्या हत्तीखान्यात दगडात कोरलेले हत्ती आहेत. अंध मुलांची सहल तिथे का जाऊ नये? हात धुऊन, जाणत्या शिक्षकासोबत, रीतसर परवानगी काढून. सोंडेपासून शेपटीपर्यंत सबंध हत्ती. परत आल्यावर त्यांना माती द्या. पोळ्याला कुंभाराकडून बैल आणतो तेव्हा मूठभर माती जास्तीची मागता येते. अंध मूल म्हटलं की पेटी-तबला आणि खुर्च्यांचं वेतकाम, एवढ्यावर आपली कल्पना थांबते.

हाताच्या घामाने, तेलाने दगड खराब होतो, हा आक्षेप खरा आहे. म्हणून जिथे मूळ शिल्प नाजूक आहे तिथे प्रतिकृती हवी. पण नुसता नकार दिला की काय होतं, ते इटलीत दिसलं. नेपल्सला संगमरवरी वस्त्राखाली झाकलेल्या ख्रिस्ताची १७५३ सालची प्रसिद्ध मूर्ती आहे. फेलिचे तालियाफेर्री या अंध शिल्पकाराला तिला हात लावू दिला नाही. त्यांनी स्वतःच संगमरवरात तसा ख्रिस्त घडवला आणि सगळ्यांना हात लावायला मोकळा ठेवला. त्याच देशात अंकोना गावी एका अंध जोडप्याच्या आग्रहातून १९९३ मध्ये स्पर्शाने पाहायचं संग्रहालय सुरू झालं. आपल्याकडे २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आहे. त्याच्या २९व्या कलमात दिव्यांग कलाकारांना सुविधा आणि पाठबळ द्यावं, कला सर्वांना घेता येईल अशी करावी, असं लिहिलेलं आहे. कागदावर.

एक विनंती खरेदीची. दिवाळीत अंध कारागिरांचा स्टॉल लागला की आपण "बिचारे" म्हणत दोन पणत्या उचलतो आणि घरी येऊन माळ्यावर टाकतो. अनुकंपादान करायचं तर सरळ दान करा. वस्तू घ्यायची तर हातात घ्या, डोळे मिटून फिरवा, कड नीट उतरलीय का बघा. नसेल तर तसं सांगा. आवडली तर घासाघीस न करता घ्या आणि दिवाणखान्यात ठेवा, पाहुण्यांच्या हाताला लागेल अशी.

प्रतिकृतीचं मी आमच्या विश्वस्तांच्या कानावर घातलं आहे. फूट-दीड फुटाची मूर्ती, खाली घट्ट चौथरा, बाजूला ब्रेलमध्ये भगवंतांचं नाव आणि लांछन. लांछन उठावातच कोरून घ्यायचं, बोटाला कळेल इतकं. येत्या पर्युषणापर्यंत हवी असेल तर कारागिराला आषाढाच्या आधी सांगावं लागेल, आणि वर्गणीची वही सध्या माझ्याकडे आहे.