भिंतीवरची रेघ

नवरात्रात पुराची घरं साफ करायला गेलो होतो, त्याबद्दल मामांनी फोनवर विचारलं तेव्हा "छान झालं" एवढंच म्हणालो. छान वगैरे काही झालं नव्हतं. म्हणून आज नीट लिहितोय. मामा, वाचताय ना?

आमचं मांजरसुंबा बालाघाटाच्या डोंगरावर. आम्हाला पुराची सवय नाही, दुष्काळाची आहे. पण मांजरा, बिंदुसरा, सिंदफणा या तिन्ही नद्या आमच्या शेजारच्या पाटोदा तालुक्यातल्या डोंगरांतून निघतात. म्हणजे खालच्या गावांत शिरलेलं पाणी आमच्याच बाजूचं! २०२५च्या सप्टेंबरात सिंदफणा काठच्या घरांत घुसली, तेव्हा फाट्यावरचे आम्ही अकरा जण फावडी, घमेली, खराटे आणि फिनेलचे कॅन टेम्पोत टाकून निघालो. गॅरेजवाले दोघे, हॉटेलातली पोरं, एक मास्तर आणि मी. गावाचं नाव लिहीत नाही, का ते पुढे कळेलच.

पुराचा गाळ म्हणजे चिखल नव्हे, हे तिथे गेल्यावर कळलं. आपली काळी माती ओली असते तेव्हा फावड्याला चिकटून बसते आणि एकदा का वाळली की टिकावच मागते. त्यामुळे ती ओली असतानाच उपसायची. मातीच्या भिंतींवर पाण्याचा जोराचा फवारा मारायचा नाही, नाहीतर गाळाबरोबर भिंतही खाली येते. वायरमन येईपर्यंत मीटरला हात लावायचा नाही. एवढं सगळं मास्तरांनी टेम्पोतच बजावलं होतं. जे बजावायला हवं होतं ते मात्र कोणाला सुचलं नाही.

आमच्या वाट्याला आलेल्या घरात एक म्हातारी मावशी एकटीच राहायची. ती शेजारच्या गावी लेकीकडे होती. शेजाऱ्यांनी किल्ली दिली. घटाला मूठभर माती लागते, इथे ट्रॉलीभर होती. दुपारपर्यंत आम्ही दोन्ही खोल्या मोकळ्या केल्या. कुजलेली गादी आणि मोड आलेलं सोयाबीन उकिरड्यावर नेलं. पुढची खोली सिमेंटची होती. तिच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर गाळाची तपकिरी रेघ उमटली होती. ती काही मला बघवेना. काथ्यानं तासभर घासून काढली. दिवाळीच्या आधीचं घर वाटावं असं दिसायला लागलं. खूश होऊन आम्ही ओट्यावर बसून फोटो काढले.

संध्याकाळी मावशी आली. दारात उभी राहून तिनं भिंतीकडे पाहिलं. रडली नाही, ओरडली नाही.

"लेकरा, पंचनामा व्हायचाय अजून. आता तलाठ्याला काय दाखवू मी?"

गल्लीत सगळ्यांच्या भिंतींवर रेघ होती. फक्त हिचं घर लख्ख. सांगली-कोल्हापूरच्या २०१९च्या महापुरात घर दोन दिवसांहून जास्त पाण्याखाली असेल तरच मदत, अशी अट निघाली होती आणि तिच्यावरून केवढा गदारोळ झाला होता, आठवतंय? पूर ओसरला की पाणी किती होतं हे सांगायला भिंतीशिवाय कोण उरतं? भिजलेलं सोयाबीनसुद्धा आम्ही बाहेर टाकून बसलो होतो. आम्ही घर साफ केलं आणि तिचा पुरावाही साफ केला.

अशा मदतीच्या टोळ्यांवर नेहमी एक टीका होते, की ही मंडळी फोटो काढायला जातात. माझं मत आता उलटं झालंय. फोटो काढाच, शंभर काढा. पण फावडं उचलायच्या आधी काढा, आणि आपले नाही, घराचे. कोठीचे, पोत्यांचे, रेघेचे. आणि घरची बाई येईपर्यंत एकही वस्तू उंबऱ्याबाहेर नेऊ नका. दिवसाला चार घरांऐवजी एकच झालं तरी चालेल. आमच्यातल्या काहींना हे पटत नाही. तोवर गाळ वाळतो, असं ते म्हणतात. खरंय, वाळतो. मग टिकाव घ्यावा.

त्या रात्री सगळ्यांचे फोन धुंडाळले. बत्तीस फोटो निघाले, सगळ्यांत आम्हीच दात काढतोय. एकात मात्र, गॅरेजवाल्या पोरानं आत शिरल्या शिरल्या गंमत म्हणून काढलेल्या, माझ्या खांद्यामागे ती रेघ दिसत होती आणि कोपऱ्यात सोयाबीनचे दोन कट्टे. बीडला जाऊन त्याची मोठी प्रिंट काढली आणि पंचनाम्याच्या दिवशी मी परत गेलो.

तलाठ्यांनी फोटो हातात घेतला, भिंत पाहिली, पुन्हा फोटो पाहिला. "हा मधला माणूस कोण?"

मावशी म्हणाली, "ह्यानंच पुसली."

त्यांनी काही न बोलता माझ्या खांद्याशी बोट लावलं, भिंतीपाशी मला उभं केलं आणि टेप काढली.