गंजरोधक विद्युत उपकरणे : दावा मोठा, आधार तोकडा

छत्तीसगडची राजधानी रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या मार्गावर भनपुरी ही औद्योगिक वसाहत आहे. तिच्या परिसरातच उरला आणि सिलतरा ही लोखंड-पोलाद उद्योगाची केंद्रे आहेत. कोळसा, लोहखनिज, स्पंज आयर्न आणि सळ्या वाहणाऱ्या ट्रकांवर या पट्ट्याचे अर्थकारण चालते. कर्ज काढून एखादा ट्रक घेणाऱ्या मालकाला इंजिन दुरुस्त करता येते, टायर बदलता येतात. परंतु चेसिसच गंजाने पोखरली, तर हप्ते फिटण्यापूर्वीच गाडी हातची जाते. त्यामुळे बॅटरीला जोडलेली लहानशी पेटी विजेच्या साहाय्याने संपूर्ण गाडीला गंजापासून वाचवू शकते काय, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहत नाही.

या उपकरणांच्या प्रचारात ज्या शास्त्राचा आधार घेतला जातो, ते शास्त्र खरे आहे. लोखंड गंजते म्हणजे ओलाव्याच्या सान्निध्यात त्याच्या अणूंतून इलेक्ट्रॉन निघून जातात व ते ऑक्सिजन आणि पाणी यांच्याकडे जातात. बाहेरून इलेक्ट्रॉनांचा पुरवठा केल्यास ही क्रिया रोखता येते. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ साली जहाजांच्या तळावरील तांब्याच्या पत्र्याला जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडून तांब्याची झीज थांबविता येते, हे दाखवून दिले. आज जमिनीखालील तेलवाहिन्या, बंदरांतील पोलादी खांब आणि जहाजे याच तत्त्वावर सुरक्षित ठेवली जातात. भारतातही तमिळनाडूतील कराईकुडी येथील केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्था अनेक दशके गंजप्रतिबंधावर संशोधन करीत आहे.

मात्र या सर्व उदाहरणांत एक अट समान आहे. संरक्षण द्यावयाचा धातू आणि विद्युतप्रवाह सोडणारे धनाग्र हे दोन्ही एकाच वाहक माध्यमात, म्हणजे समुद्राच्या पाण्यात किंवा ओल्या मातीत, असावे लागतात. त्या माध्यमातूनच प्रवाहाचे वर्तुळ पूर्ण होते. रस्त्यावरील गाडीभोवती असते ती हवा, आणि हवा विजेची वाहक नाही. पावसात पत्र्यावर पाण्याचा पातळ थर जमतो खरा. परंतु तो अखंड नसतो आणि त्याचा विरोधही मोठा असतो. त्यामुळे धनाग्रापासून थोड्याच अंतरावर संरक्षण संपते. रंगावर चिकटविलेल्या पट्टीतून निघालेला प्रवाह दाराच्या आतील कप्प्यात किंवा चेसिसच्या पोकळीत पोहोचण्याचा मार्गच नसतो, आणि गंजाची सुरुवात बहुधा तेथेच होते. बहुतेक गाड्यांचा सांगाडा बॅटरीच्या ऋण टोकाला आधीपासूनच जोडलेला असतो. तेवढ्याने संरक्षण मिळाले असते, तर गाड्या गंजल्याच नसत्या.

विरोधाभास असा की, मोटारींच्या कारखान्यात गंज रोखण्यासाठी वीज खरोखरच वापरली जाते. तेथे गाडीचा संपूर्ण सांगाडा रंगद्रावणाच्या टाकीत बुडवून प्रवाह सोडला जातो आणि कानाकोपऱ्यात प्राथमिक थर बसतो. गाडी द्रावणात बुडालेली असते, म्हणूनच ही प्रक्रिया यशस्वी होते. या थरामुळे आणि जस्तलेपित पत्र्यामुळे अलीकडच्या मोटारी अनेक वर्षे गंजत नाहीत. उपकरण बसविलेली नवी गाडी पाच वर्षे चांगली राहिली, तर त्याचे श्रेय बहुधा कारखान्यातील लेपाला द्यावे लागते. समाधानी ग्राहकांचे अभिप्राय म्हणूनच पुरावा ठरत नाहीत. पेटंटही उपकरणाच्या परिणामकारकतेचा दाखला नव्हे.

अमेरिकेत हा वाद नियामकांपर्यंत पोहोचला होता. ‘रस्ट इव्हेडर’ या नावाने विकल्या जाणाऱ्या उपकरणाबाबतचे दावे खोटे असल्याचा आरोप तेथील फेडरल ट्रेड कमिशनने केला. हे प्रकरण १९९६ साली तडजोडीने मिटले आणि ग्राहकांच्या परतफेडीसाठी दोन लाख डॉलर देण्याचे मान्य करण्यात आले.

भारतातील ग्राहकही निराधार नाही. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पुरेशा चाचणीविना उत्पादनाच्या गुणकारितेची किंवा आयुर्मानाची हमी देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. चाचणी झाल्याचा बचाव घेणाऱ्यावरच ती सिद्ध करण्याची जबाबदारी असते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत दंड आकारू शकते. तेव्हा विक्रेत्याकडे स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल मागणे, तसेच ती चाचणी पाण्यात बुडविलेल्या पत्र्यावर झाली की प्रत्यक्ष रस्त्यावरील गाडीवर, हे विचारणे इष्ट ठरेल.

भनपुरीसारख्या ठिकाणी समुद्राची खारी हवा नाही. पण पावसाळ्याचा दमटपणा, कारखान्यांचा धूर आणि गंधकयुक्त ओला कोळसा हे गंजाला पोषकच आहेत. त्यावरील उपाय साधे आहेत. ट्रकचा खालचा भाग नियमित धुणे, साचलेला चिखल व कोळशाची भुकटी काढणे, पाणी निचऱ्याची छिद्रे मोकळी ठेवणे, रंग उडालेल्या जागी त्वरित प्रायमर लावणे आणि पोकळ भागांत मेणयुक्त लेप फवारणे, या कामांना कष्ट पडतात; पण त्यांचा परिणाम डोळ्यांना दिसतो.

पेटीवर खर्च झालेला पैसा हे लहान नुकसान आहे. तिच्यावर विसंबून चेसिसची तपासणी टळणे हे मोठे. आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू वाहनाला दरवर्षी योग्यता तपासणीला सामोरे जावे लागते आणि तेथे पेटीचा दिवा लागलेला आहे की नाही, हे कोणी विचारीत नाही. भरल्या ट्रकचा भार अखेर शाबूत पोलादावरच पेलला जातो.