बंदरावर सोडलेलं मांजर

मिरकरवाड्याच्या बंदरावरची मांजरं रीलमध्ये छान दिसतात. मागे रंगीत बोटी, पुढे तारली खाणारा बोका आणि खाली रत्नागिरीकरांच्या मांजरप्रेमाचं कौतुक. मला या कौतुकाचा राग येतो. यातली कितीतरी मांजरं तिथे पोचली कशी, हे कुणी विचारत नाही.

आपणच आणून सोडली. घरची भाटी व्याली की पिल्लं दोन महिने गोंडस असतात. मग एक दिवस पोतं निघतं, स्कूटरवर पायाशी बसतं, आणि परतीची वाट सापडू नये इतक्या लांब जातं. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. आठवं आपण ठरवतो. मारायचं मात्र नाही हं! मारलं तर काशीला सोन्याचं मांजर दान करावं लागतं. सोडायला नुसतं पेट्रोल पुरतं.

‘तिथे खायला भरपूर मिळतं’ हे ठरलेलं वाक्य. मिळतं, पण मेअखेरपर्यंत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्र बंद. एखादी बिगरयांत्रिक होडी सोडली, तर ६१ दिवस लिलाव नाही, पाट्या नाहीत, फेकलेली मासळी नाही. वर कोकणातला पाऊस. मांजराचा गाभणकाळ साधारण नऊ आठवड्यांचा, म्हणजे मेच्या शेवटी गाभण राहिलेली भाटी अख्खी बंदी पोटात पिल्लं घेऊन काढते. तेव्हा तिच्यापुढे भाताची मूठ टाकतं ते बंदरालगतचं एखादं घर, ज्याची स्वतःचीच कमाई थांबलेली असते. नातं म्हणायचं तर याला म्हणा. आपल्या भूतदयेचं बिल ती माणसं भरतात.

उपासमार होईल अशा ठिकाणी जनावर सोडून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या खेपेला दंड १० ते ५० रुपये! एवढ्यात बांगडाही धड येत नाही. तेव्हा कायद्याच्या धाकाची वाट बघू नका.

भाटी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. त्याआधीच पशुवैद्याला विचारून तिची नसबंदी करून घ्या. आणि घरातलं कुणी ‘एकदा तरी आई होऊ दे गो तिला’ म्हणालं, तर होणारी सगळी पिल्लं कुणाच्या खोलीत राहणार, ते त्यांनाच विचारा.