डब्यात लपवलेल्या गोळ्या

बडोदे शहराच्या दक्षिण टोकाला तरसाली आहे. एके काळी ते वेगळे गाव होते, आता शहरातच जमा झाले आहे. शेजारी मकरपुऱ्याची औद्योगिक वसाहत असल्यामुळे सकाळी कामाला निघालेल्या माणसांनी रस्ता भरून जातो. माझी मावशी तिथे पंचवीस वर्षांपासून राहते. मावसभाऊ तिथल्याच आयटीआयमध्ये मशिनिस्टचा कोर्स करून मकरपुऱ्यातील एका कारखान्यात लागला. त्याला मी दादा म्हणते. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी दीड महिना मावशीकडे होते. इकडच्या नातेवाइकांना असे सांगण्यात आले होते की दादाला पोटाचा त्रास आहे, मावशी एकटी पडते, म्हणून मी गेले आहे. मावशी एकटी पडते हे खरे होते. पोटाचे खोटे होते, आणि ते सांगणाऱ्यांत मीही होते.

दादाला बायपोलर हा मनोविकार आहे. पुस्तकी मराठीत त्याला द्विध्रुवीय विकार म्हणतात. या आजारात काही आठवडे मन नुसते उधळलेले असते. झोप नको, जेवण नको, बोलणे थांबत नाही आणि पैसा पाण्यासारखा जातो. मग केव्हातरी ते असे खाली बसते की आंघोळ करणेसुद्धा डोंगराएवढे वाटते. पहिल्या झटक्यात दादाने तीन दिवसांत कारखान्यातल्या बारा जणांना मोबाईल घेऊन देण्याचे कबूल केले होते, आणि दोघांना दिलेही. त्याचे हप्ते मावशीने फेडले. तेव्हा घरात कोणालाच हा आजार आहे असे वाटले नाही. संगत बिघडली असे काकांना वाटले, बाहेरचे काहीतरी लागले असे मावशीला वाटले, आणि एका भुव्याकडे तीन अमावास्या झाल्या.

त्याच शहरात, कारेलीबागेत, सरकारचे मानसिक आरोग्य रुग्णालय आहे. गुजरात सरकारची अशी चार जुनी रुग्णालये आहेत, अहमदाबाद, बडोदे, जामनगर आणि भुज. म्हणजे ज्या सोयीसाठी खेड्यातल्या माणसाला दिवस मोडून जिल्ह्याला जावे लागते, ती मावशीपासून रिक्षाच्या अंतरावर होती. ते अंतर कापायला तिला दीड वर्ष लागले.

निम्हान्स या बंगळूरच्या संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले, त्यात गुजरातही होते. प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार होता आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारावाचून होते असे त्यात दिसले. हे आकडे निघाले की आपण लगेच डॉक्टर कमी आहेत असे म्हणतो. डॉक्टर कमी आहेत हे खरेच आहे. पण मावशीच्या घरी कमी होते ते वेगळेच काहीतरी होते, आणि माझा लेख त्याविषयी आहे.

दादाला लिथियम सुरू झाले. १९४९ साली जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टराने या साध्या क्षाराचा उपयोग दाखवून दिला आणि आजही या आजारात ते वापरतात. स्वस्त औषध आहे. मात्र त्याचे रक्तातील प्रमाण अधूनमधून तपासावे लागते, आणि ते मनाला येईल तेव्हा एकदम बंद करून चालत नाही, कारण एकदम बंद केले तर झटका लवकर उलटण्याची भीती असते. दादा वर्षभर नीट होता. कामावर जात होता. मग ताईला, म्हणजे त्याच्या बहिणीला, पाहायला पाहुणे यायचे ठरले.

पाहुणे येणार म्हणून घर आवरले. भिंतीवरच्या फळीवर दादाच्या गोळ्यांची पाकिटे आणि रुग्णालयाचे केसपेपर असत. मावशीने ते सगळे एका बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात घातले आणि डबा माळ्यावर ठेवला. पाहुणे आले, पोहे खाऊन गेले, आणि मुलाचा पगार व ताईचे शिक्षण यांचा मेळ बसत नाही असे दुसऱ्याच दिवशी कळवून मोकळे झाले. डबा माळ्यावरच राहिला. दादा लाजेखातर मागेना, मावशीला वाटले त्याने काढून घेतला असेल. असे आठ-नऊ दिवस गेले.

हे घरात कोणाच्याही लक्षात आले नाही. लक्षात आले ते समोरच्या बांच्या. त्यांना म्हातारपणामुळे झोप कमी. त्यांनी मावशीला जिन्यात थांबवून एवढेच म्हटले, "बेन, रात्रे त्रण वाग्या सुधी लाइट चालु होय छे." त्या दुपारी डबा खाली उतरला आणि दुसऱ्या दिवशी मावशी दादाला घेऊन कारेलीबागेत गेली. वेळेवर गेल्यामुळे त्याला दाखल करावे लागले नाही. दोन आठवडे रजा झाली, इतकेच. मी तरसालीला पोचले ती यानंतर.

बांना बायपोलर हा शब्द ठाऊक नाही. पण या आजारात झोप उडणे ही पहिली घंटा असते, आणि ती त्यांनी ऐकली. औषध डॉक्टर देतो, पण ते रोज पोटात जाते की नाही, रात्री माणूस झोपतो की नाही, हे डॉक्टरला महिन्यातून एकदा दहा मिनिटांत कसे दिसणार? ते घराला दिसते, शेजाऱ्याला दिसते, खोलीतल्या सोबत्याला दिसते. आणि नेमके यांच्यापासूनच आपण आजार लपवून ठेवतो.

मी वाणिज्य शाखेची आहे, म्हणून या लपवण्याचा हिशेब मांडून पाहिला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, जो २९ मे २०१८ पासून अमलात आला, विमा कंपन्यांवर बंधन घातले आहे की शरीराच्या आजाराला ज्या तत्त्वावर वैद्यकीय विमा देता त्याच तत्त्वावर मनाच्या आजारालाही दिला पाहिजे. फार मोठी गोष्ट आहे. परंतु विम्याचा करार परम सद्भावाचा असतो हे आपण पहिल्याच वर्षी शिकतो. प्रस्तावपत्रात जो आजार लपवला, त्याच्या दाव्याला नकार देण्याचे कारण आपणच कंपनीच्या हाती देतो. म्हणजे कायद्याने दिलेला हक्क वापरायचा तर आधी कागदावर आजाराचे नाव लिहावे लागते, आणि तिथेच आपला हात अडतो. काकांचाही अडला होता. याच कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास आणि भूल न देता विजेचा झटका देण्यास मनाई केली आहे. तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळदंडाने बांधलेले रुग्ण जळून मेले, हे ज्यांना माहीत आहे त्यांना या मनाईचे मोल कळेल.

नियमित सवयी ठेवा असा उपदेश सगळेच करतात. मला तो शाळेतल्या सुविचारासारखा वाटत असे. तरसालीत मात्र सवय म्हणजे काय ते मी पाहिले. मे महिन्यात बडोद्याचे ऊन चाळिशीच्या वर जाते. घामावाटे शरीरातले पाणी व मीठ कमी झाले की रक्तातले लिथियम वाढते आणि हात थरथरू लागतात. यंत्रावर काम करणाऱ्याचा हात थरथरणे म्हणजे काय ते सांगायला नको. म्हणून दादाच्या डब्याबरोबर दोन बाटल्या पाणी जाते आणि निर्जळी उपास घरातून बंद झाला आहे. मावशीने देवाला तसे सांगून टाकले. रात्रपाळी नको म्हणून तो दोन वर्षे ॲसिडिटीचे निमित्त करत होता. त्या झटक्यानंतर त्याने सुपरवायझरला खरे सांगितले. सुपरवायझर थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले की आधी सांगायचे होतेस, रात्रपाळी मागून घेणारे दोघे आहेत माझ्याकडे. नवरात्रात सगळे बडोदे रात्रभर गरबा खेळते. तरुण मुलाला घरी कोंडून ठेवणार कसे? तेव्हा तह झाला. दादा खेळायला जाईल, पण साडेदहाला सोसायटीतला त्याचा मित्र त्याला घेऊन परत येईल. मित्राला कारण माहीत आहे. मनातले सांगायचे तर त्या मित्राचे मला जास्त कौतुक वाटते, कारण त्याला काही झालेले नसून तो गरबा सोडून येतो.

अमेरिकेत पिट्सबर्गच्या एलन फ्रँक यांनी झोप, जेवण आणि काम यांच्या ठरावीक वेळांवर या आजारासाठी एक उपचारपद्धतीच बांधली आहे. औषधाच्या जागी नव्हे, औषधाच्या जोडीला. आपल्याकडे ती मावशी, मित्र आणि सुपरवायझर मिळून चालवत आहेत, त्यांना तिचे नाव ठाऊक नाही एवढेच.

ही माणसे योगायोगाने भेटली, सर्वांना कशी भेटणार, असे कोणी म्हणेल. तर असे शेजारी मुद्दाम तयार करण्याचेही प्रयत्न झाले आहेत. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीतील मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने 'आत्मीयता' हा उपक्रम आधी नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्याच्या बाजूला आणि २०१७ पासून गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात चालवला. गावातल्याच माणसांना शिकवून तयार करायचे. त्यांनी दुःखी माणसाचे ऐकून घ्यायचे, गरज दिसली तर डॉक्टरकडे न्यायचे आणि सरकारी योजनेचा लाभ मिळवून द्यायचा. त्याच जिल्ह्यात उनावा येथे मीरा दातारचा दर्गा आहे. बाधा उतरवायला लोक तिथे येतात. २००८ पासून तिथे 'दवा आणि दुआ' हा कार्यक्रम सुरू झाला, त्यात दर्ग्याचे मुजावरच रुग्णाला डॉक्टरकडेही पाठवू लागले. मावशीच्या तीन अमावास्यांना मी हसत असे. आता वाटते की त्या भुव्याने दुसऱ्याच अमावास्येला कारेलीबागेचा पत्ता दिला असता तर वर्ष वाचले असते. कन्नड विभागाच्या वाचकांना तर सांगायला नकोच की बळ्ळारी जिल्ह्यात १९८५ च्या सुमारास निम्हान्सने प्राथमिक आरोग्य केंद्रातील साध्या डॉक्टरांना शिकवून हे काम गावात नेले, आणि १९९६ साली त्याच धर्तीवर देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला.

तरीही आपण मुंबईकडे 'ठाण्याला पाठवा' आणि इकडे 'धारवाडला न्या' असे म्हणून हसतोच. मला मराठी, कन्नड आणि मोडकीतोडकी गुजराती येते. वेड, हुच्चु आणि गांडो हे तिन्ही शब्द लाडानेही वापरतात आणि शिवी म्हणूनही. क्रिकेटचे वेड असते, सिनेमाचे हुच्चु असते. परंतु सकाळी गोळी घेऊन कामावर जाणाऱ्या आणि संध्याकाळी भाजी घेऊन परत येणाऱ्या माणसासाठी तिन्ही भाषांत लोकांच्या तोंडी बसलेला शब्द नाही. दादा स्वतःला 'लिथियमवाला' म्हणतो.

आता आपल्या कॉलेजांकडे वळते. गेल्या वर्षी माझी एक मैत्रीण दोन महिने वर्गात आली नाही. भेटली तेव्हा मी तिला म्हणाले, एवढे काय मनावर घ्यायचे. दादाला सांभाळून आलेली मी हे बोलले नसते, पण तेव्हा मी तरसालीला जायची होते. तिच्याकडे मानसोपचारतज्ज्ञाचा दाखला होता. हजेरीच्या अटीसाठी तो कार्यालयात द्यायचा, तर तो चार टेबलांवरून जाणार. तिने दाखला फाडला आणि वर्ष बुडवले. प्राध्यापकांना माझी विनंती आहे की असा दाखला बंद पाकिटात एकाच व्यक्तीकडे देण्याची सोय सर्वच कॉलेजांनी करावी. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांत शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने पात्र समुपदेशक नेमावा असे म्हटलेच आहे. समुपदेशक येईल तेव्हा येईल. पाकिटाला खर्च दोन रुपये आहे. आणि रात्री-अपरात्री कोणाला बोलावेसे वाटले तर टेलि-मानस ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहीत, मराठीत आणि कन्नडातही बोलता येते.

आपणच लपवणे विरोधी भाषण करायचे आणि आपणच लपवायचे असे होऊ नये म्हणून हा लेख मी दादाला वाचून दाखवला. नाव लिहू नको म्हणाला, बाकी सगळे लिही. मोबाईल बारा नव्हते, अकरा होते, अशी एक दुरुस्तीही त्याने सुचवली. मावशी बारावर ठाम आहे. मावशीची परवानगी मिळायला मात्र आठ दिवस लागले. तिला दादाची काळजी नव्हती, माझी होती. अनुक्रमणिकेत माझे नाव वाचून उद्या कोणी विचारले की घराण्यात आहे म्हणे, तर? आहे, असे मी सांगेन. सख्ख्या भावंडांत हा आजार होण्याचे प्रमाण शंभरात साधारण पाच ते दहा सांगतात, म्हणजे नव्वदांना तो होत नाही. आणि मी तर मावसबहीण आहे. पण एवढे अंकगणित ऐकून घ्यायला समोरचा थांबेल का, हे मलाही ठाऊक नाही.

ताईला या दिवाळीत दुसरे स्थळ आले. या वेळी पाकिटे फळीवरच होती. चहा झाल्यावर ताईने स्वतःच सांगितले की माझ्या भावाला हा आजार आहे, औषध चालू आहे, आणि लग्नानंतरही मी महिन्यातून एकदा त्याच्याबरोबर रुग्णालयात जाईन. मुलाच्या आईने दोन-तीन प्रश्न विचारले. मुलगा दादाशी लेथबद्दल बोलत बसला. कळवतो म्हणून गेले आहेत, अजून कळवलेले नाही.