डॅशबोर्डावरची करवत

कुहीच्या आमच्या अंगणात कडुनिंबाखाली उभी असलेली १९७४ सालची प्रीमियर पद्मिनी वडिलांनी दहा वर्षांनंतर, जुनी म्हणूनच विकत घेतली आणि त्याच दिवाळीत नागपूरला नेऊन डॅशबोर्डाखाली पत्र्याची पट्टी ठोकून तीत कॅसेटचा टेप बसवून घेतला. तेव्हापासून गाडी आणि टेप ही दोन्ही आमच्या घरात एकाच संसाराची चीजवस्तू म्हणून नांदत आली आहेत. गेल्या उन्हाळ्यात टेप मुका झाला. ज्या दुकानी तो प्रथम दाखवला, तेथे डॅशबोर्ड करवतीने कापून पडद्याचा नवा संच बसवावा, आणि हात लावलाच आहे तर आसनांचे रेक्झिनही बदलून टाकावे, असा सल्ला मिळाला. तो सल्ला सद्भावनेने दिलेला होता, हे मान्य करूनही तो सर्वथा अनुचित आहे, असे माझे ठाम मत आहे.

केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून, ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात जतन केलेल्या दुचाकी-चारचाकी वाहनांना २०,००० रुपये शुल्कात ‘व्हीए’ अक्षरांचा स्वतंत्र नोंदणी क्रमांक १० वर्षांच्या मुदतीने देण्याची तरतूद केली, ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु मूळ स्वरूप बिघडवणारा फेरफार कोणता, हे सांगताना त्या नियमाने चासी, बॉडी आणि इंजिन यांचाच नामनिर्देश केला. ज्या आसनावर माणसे बसली, ज्या डॅशबोर्डावर त्यांचे हात टेकले आणि ज्या टेपमधून त्यांनी गाणी ऐकली, त्या अंतरंगाविषयी तेथे अवाक्षरही नाही. करवतीला मोकळीक मिळते ती येथेच.

यावर काही जाणकार म्हणतील की टेप मुळी कारखान्याने दिलेलाच नव्हता, मग त्याचे जतन कशासाठी? फिलिप्सने कॅसेट १९६३मध्ये जगापुढे आणली आणि आपल्याकडे ती घरोघर पोचली ऐंशीच्या दशकात. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या गाडीत मालकाने आपल्या ऐपतीने आणि हौसेने तिची भर घातली. ती भरही आता इतिहासाचाच दस्तऐवज झाली आहे. लग्नाच्या वऱ्हाडात, आंभोऱ्याच्या यात्रेच्या वाटेवर, गाडी चालली ती त्या टेपच्या सोबतीने. मूळपणाच्या नावाखाली तो उपटून टाकणे म्हणजे गाडीच्या चरित्रातील अर्धी पाने फाडणे होय.

शेवटी नागपूरच्या महाल भागातील एका वृद्ध कारागिराने टेपचे झाकण उघडले. टेपच्या आतील मोटरकडून फिरकीला गती देणारा रबरी पट्टा वितळून डांबरासारखा चिकटला होता. ४५ अंशांच्या उन्हात बंद गाडी उभी राहिली, की आत दुसरे काय होणार? “भाऊ, रबर गेलं, मशीन बराबर आहे,” एवढेच ते बोलले, आणि स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने हेडवरचा तपकिरी थर पुसताना त्यांचा हात इतका हळुवार चालला, की पाहणाऱ्याने श्वास रोखावा. नवा पट्टा नेमक्या मापाचा हवा. फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर याच वेगाने सरकली पाहिजे, अन्यथा गाणाऱ्याचा गळा जड तरी होतो किंवा पातळ तरी. कॅसेट आत अडकवून ठेवू नये, नाहीतर रबरी रोलरला खळगा पडतो. पंधरवड्यातून एकदा तरी टेप वाजवावा, हेही त्यांनीच बजावले. आसनांच्या बाबतीतही असाच संयम हवा: चकाकीची औषधे न चोपडता सौम्य साबणाच्या ओल्या फडक्याने रेक्झिन पुसावे, उसवलेली शिवण त्याच भोकांतून पुन्हा घालावी, आणि पावसाळ्यात पायाखालचे रबर उचलून खालचा पत्रा कोरडा ठेवावा.

हे कसब अंगी असणारी माणसे आता विरळ झाली आहेत. तालुक्यातालुक्यांतील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी त्यांना सन्मानाने बोलावून मुलांसमोर बसवावे, आणि व्हिंटेज नोंदणीच्या अर्जात अंतरंगाचे छायाचित्र व वर्णन सक्तीचे करावे, एवढी माझी शासनाकडे विनंती आहे. आमच्या गाडीचा अर्ज मी भरावयास घेतला असून, कोणी मागितली नसली तरी, डॅशबोर्डाखालच्या त्या पत्र्याच्या पट्टीची मोजमापे आणि टेपचे छायाचित्र मी त्याला जोडणार आहे.